ओसीआय कार्ड, पुण्यात मुक्काम, एमएच-१२ चं जुनं लायसन्स जुलैत संपतंय: नूतनीकरण कसं करायचं?

बावधन_टेकडी

नमस्कार मंडळी. ज्यांना हे काम नीट माहीत आहे त्यांच्याकडून उत्तर हवं आहे. "एजंटला द्या, होऊन जातं" हा सल्ला आधीच चार जणांनी दिलाय, तो पुन्हा नको.

प्रकरण बायकोचं आहे. जन्म जुलै १९७९, पुण्यातलाच. लायसन्स संगम पुलाच्या आरटीओतून जुलै २००६ मध्ये काढलेलं, मोटार आणि गिअरची दुचाकी दोन्हीचं. मुदत १८ जुलै २०२६ पर्यंत. २००८ मध्ये अमेरिकेत गेली, पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं, आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून आम्ही बावधनला भाड्याच्या घरात राहतोय, निदान चार-पाच वर्षं तरी इथेच. आधार कधी काढलंच नाही, कारण ती गेली तेव्हा आधार नव्हतंच.

गुंता असा: लायसन्सवर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव आणि सदाशिव पेठेचा पत्ता. पासपोर्ट आणि ओसीआयवर सासरचं आडनाव, मधलं नाव गायब. न्यू जर्सीचं लायसन्स २०२७ पर्यंत चालू आहे.

भारताचं नागरिकत्व सोडलं म्हणून जुनं लायसन्स आपोआप रद्द होतं का? आधारशिवाय अर्ज घेतात का? आणि जुनं रिन्यू करण्यापेक्षा अमेरिकेच्या लायसन्सवर इथलं नवीन काढणं सोपं पडेल का?

घाटातला_गिअर

पहिल्याचं उत्तर: नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये लायसन्स नागरिकत्वाला बांधलेलं नाही. वय, शारीरिक पात्रता, परीक्षा आणि राहण्याचं ठिकाण, एवढंच तो बघतो. २००६ चं लायसन्स १८ जुलैपर्यंत जसंच्या तसं वैध आहे. खिडकीवर कुणी "फॉरेनर आहे, होणार नाही" म्हणालं तर वाद घालू नका, "कुठल्या नियमाखाली, ते लिहून द्या" एवढंच नम्रपणे विचारा.

मुदतीचं गणित आधी समजून घ्या, कारण सगळा वेळेचा हिशोब त्यावर आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १४ बदललं. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत. ३० ते ५० वयात काढलं किंवा रिन्यू केलं तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये केलं तर साठीपर्यंत. ५५ च्या पुढे दर वेळी ५ वर्षं. तुमच्या सौ. ४६ च्या आहेत, म्हणजे १० वर्षं मिळतील. २००६ चा जुना नियम २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल ते, असा होता. म्हणून त्यांच्या कार्डावर २०२६ आहे.

अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. म्हणजे तुमची अर्जाची मुदत गेल्या जुलैपासूनच सुरू आहे. आणखी वाट बघण्यात काही फायदा नाही.

आधारशिवाय अर्ज होतो. सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ) महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा, तिथे आधारने ओळख पटवायची की आधारविना पुढे जायचं हा पर्याय येतो. आधारवाल्यांचं काम घरबसल्या होतं, आधारविना अर्ज करणाऱ्याला अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागद दाखवायला आणि फोटो-सहीला प्रत्यक्ष जावं लागतं. फरक एवढाच. काम एका फेरीचं आहे, फक्त ती फेरी कुणाला चुकत नाही. "मॅडमना यायची गरज नाही" असं सांगणारा एजंट एकतर थाप मारतोय किंवा त्याच्याकडे दुसराच काही जुगाड आहे, आणि तो जुगाड तुमच्या नावावर नको.

पेठेतली_बखर

वरच्या उत्तरात कागदांचा भाग राहिला आणि खरी अडचण तिथेच आहे. आरटीओतली माणसं परदेशी पासपोर्टला घाबरत नाहीत, दोन कागदांवरच्या दोन नावांना घाबरतात.

पत्ता: ओसीआय कार्डावर पत्ता नसतो. अमेरिकन पासपोर्टवर छापील पत्ता नसतो, जी जागा असते ती धारकाने स्वतः हाताने भरायची असते, त्यामुळे तो पुरावा धरत नाहीत. म्हणजे हे दोन्ही घेऊन गेलात तरी पत्त्याच्या बाबतीत हात रिकामेच. उपयोगाचा कागद म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घराचा भाडेकरार. नोटरी केलेला नव्हे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, सूची क्रमांक २ (इंडेक्स-टू) सह. आणि करारात बायकोचं नाव हवं. पुण्यात निम्मे करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असतात आणि मग बायकोला पत्ताच नसतो. तुमचा तसा असेल तर कराराच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दोघांची नावं घाला. तोवर केंद्रीय मोटार वाहन नियम ४ मध्ये कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं वय आणि पत्त्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, त्याला करार आणि विवाह प्रमाणपत्र जोडा. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर असणार, ते एकटं देऊ नका, कराराला आधार म्हणून द्या.

नाव: इथे दोन वेगळे बदल आहेत आणि लोक ते एकच समजतात. आडनाव बदललं त्याला विवाह प्रमाणपत्र पुरतं. पण लायसन्सवर "आडनाव, नाव, वडिलांचं नाव" अशी आपली तीन पदरी रचना आणि पासपोर्टवर दोनच नावं, हा फरक विवाह प्रमाणपत्राने सुटत नाही, कारण त्यात बदल कुठला झाला ते लिहिलेलं नसतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्रात स्पष्ट वाक्य घाला: लायसन्सवरचं अमुक तीन पदी नाव, पासपोर्टवरचं अमुक दोन पदी नाव आणि ओसीआयवरचं नाव ही एकाच व्यक्तीची आहेत. तिन्ही नावं अक्षरशः कागदावर आहेत तशीच लिहा, स्पेलिंगसकट. "कुलकर्णी" शेवटी आय की वाय, यावर अर्ज परत आलेले आहेत.

जन्मतारीख: पासपोर्टवर महिना अक्षरांत असतो, तिथे घोळ होत नाही. पण न्यू जर्सीच्या लायसन्सवर महिना आधी, दिवस नंतर. जुलैची ४ तारीख इथे ७ एप्रिल वाचली जाते. त्यामुळे ते लायसन्स वयाचा पुरावा म्हणून चुकूनही जोडू नका.

हडपसर_स्टँड

घाई करायचं कारण नाही. मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालतं, तेवढ्यात केलं तरी लेट फी नाही. जून-जुलैत करा निवांत.

घाटातला_गिअर

@हडपसर_स्टँड ही माहिती जुनी आहे आणि धोक्याची आहे. ३० दिवस वैध राहण्याची सवलत कलम १४ मध्ये होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली. १९ जुलैच्या सकाळी गाडी काढली तर ती विनालायसन्स. कलम १८१ खाली दंड ५००० रुपये, आणि गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर दुसऱ्याला चालवायला दिली म्हणून कलम १८० खाली त्याचे वेगळे ५०००.

दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करायला येते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा वैध लायसन्स नसल्याच्या कारणावरून फेटाळतात ते वेगळंच.

मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर परीक्षा नाही, फक्त पैसे जास्त. एक वर्ष उलटलं की चाचणी पुन्हा द्यायची. पूर्वी ही मर्यादा ५ वर्षांची होती, म्हणून परदेशातून येणारे बरेच जण "अजून वेळ आहे" या भ्रमात असतात आणि पुण्यात उतरल्यावर त्यांना शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते: शिकाऊची संगणकावरची परीक्षा, मग किमान ३० दिवस थांबा, मग चालवून दाखवा. मोटारीची चाचणी नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते, तिथे आठच्या आकड्यात आणि चढावर थांबवून गाडी काढण्यात पंचवीस वर्षांचे अनुभवी लोक गडबडतात. विशेषतः अमेरिकेत ऑटोमॅटिकची सवय झालेले.

बावधन_टेकडी

@पेठेतली_बखर करार दोघांच्या नावाने नोंदवलेला आहे, सुटलो. विवाह प्रमाणपत्र पुणे महापालिकेचं आहे.

पण पोर्टलवर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली तर "नोंद सापडली नाही" असं येतंय. क्रमांक कार्डावर आहे तसाच टाकला. म्हणजे लायसन्सच बोगस निघालं की काय?

सारथी_नसलेला_रथ

बोगस नाही. दोन शक्यता, पहिली फुकटातली.

सारथीला क्रमांक ठरावीक साच्यात लागतो: एमएच, मग १२, मग चार आकडी वर्ष, मग सात आकडी क्रमांक. जुन्या कार्डांवर शेवटचा क्रमांक सातपेक्षा कमी आकड्यांचा असतो किंवा मध्ये तिरपी रेघ असते. क्रमांकाच्या पुढे शून्यं लावून सात आकडे पूर्ण करा. म्हणजे कार्डावर शेवटी ४५६७ असेल तर ०००४५६७. वर्ष २००६ असं पूर्ण लिहा, नुसतं ०६ नको. आणि जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने.

तरीही नाही सापडलं तर नोंद जुन्या रजिस्टरातून संगणकात आलेलीच नाही. याला बॅकलॉग म्हणतात. बॅकलॉग एन्ट्री मूळ आरटीओच करू शकते, म्हणजे संगम पूल. मूळ लायसन्स, त्याची प्रत, पासपोर्टची प्रत आणि साधा अर्ज घेऊन जायचं. ते रजिस्टरशी पडताळून नोंद चढवतात. हे नूतनीकरणाच्या आधीचं काम आहे, त्याला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नाही, म्हणून उद्याच जा. जूनमध्ये हे कळलं असतं तर पंचाईत होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅकलॉग चढल्यावर घरी येऊन पोर्टलवर वाहनांचे प्रकार तपासा. मोटारीचा एलएमव्ही आणि गिअरच्या दुचाकीचा एमसीडब्ल्यूजी, दोन्ही दिसले पाहिजेत. नोंद चढवताना पहिलाच प्रकार घेतला आणि दुसरा राहिला, असं फार होतं. तेव्हाच दुरुस्त करून घेतलं तर पाच मिनिटांचं काम. एकदा एकट्या मोटारीवर लायसन्स रिन्यू झालं की दुचाकी म्हणजे "नवीन प्रकार जोडणे", त्याला शिकाऊ लायसन्स आणि चाचणी दोन्ही लागतात. रक्तगट आणि नावाचं स्पेलिंगही त्याच बैठकीत बघा.

जोडीला मोबाईल. २००६ च्या नोंदीला एकतर मोबाईल नसतो किंवा बंद पडलेला जुना असतो. सगळे ओटीपी भारतीय दहा आकडी क्रमांकावर येतात, अमेरिकेचा चालत नाही. क्रमांक बदलायची वेगळी सोय पोर्टलवर आहे, ती आधी वापरा.

बावधन_टेकडी

शून्यं लावून झालं, नाही सापडलं. म्हणजे बॅकलॉग. उद्या संगम पूल.

बाकी अमेरिकेच्या लायसन्सवर नवीन काढायच्या मुद्द्याचं काय?

घाटातला_गिअर

तो रस्ता कायद्यात आहे. कलम ९(३) च्या परंतुकानुसार दुसऱ्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने त्याच प्रकारच्या वाहनासाठी दिलेलं लायसन्स असेल तर चाचणीची गरज नाही, वैद्यकीय प्रमाणपत्राची अट पाळावी लागते. पण कागदावर सोपं दिसतं तेवढं ते काउंटरवर नसतं. परदेशी लायसन्स खरं आहे याची खातरजमा कशी करायची हा प्रश्न अधिकाऱ्यापुढे असतो, त्यामुळे न्यू जर्सीच्या मोटार वाहन विभागाकडून ड्रायव्हर ॲबस्ट्रॅक्ट (लायसन्सच्या नोंदीचा उतारा) मागवून ठेवावा लागतो. आणि मुख्य म्हणजे तिकडचं लायसन्स मोटारीचं असतं. त्यावर दुचाकीची वेगळी नोंद असल्याशिवाय इथे दुचाकी मिळणार नाही. हातात चालू भारतीय लायसन्स असताना ते मागे टाकून या वाटेला जाण्यात काही शहाणपण नाही. ज्यांचं भारतीय लायसन्स कधी नव्हतंच, किंवा संपून वर्ष उलटलंय, त्यांनी हा रस्ता धरावा.

मधल्या काळासाठी आंतरराष्ट्रीय परवाना (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) हा पर्याय लोक सुचवतील. अमेरिकेत तो ट्रिपल ए ही वाहनचालकांची संघटना देते, २० डॉलर, टपालाने अर्ज करता येतो, मुदत एक वर्ष, आणि मूळ अमेरिकन लायसन्स सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. तो पाहुण्यासाठी आहे. बावधनला भाडेकरार करून राहणाऱ्याने चार वर्षं त्यावर गाडी हाकायची, हे विमा कंपनीपुढे टिकणं कठीण. बॅकलॉग लांबला तर दोन महिन्यांची सोय म्हणून ठीक.

औंधची_नाडी

वैद्यकीय भागाबद्दल. चाळिशी उलटलेल्यांना फॉर्म १-ए लागतो. चाळिशीच्या आतल्यांना फॉर्म १, म्हणजे स्वतःचीच घोषणा, पुरते. १-ए नोंदणीकृत डॉक्टरने द्यायचा. महाराष्ट्रात तो डॉक्टर सारथीवर स्वतःच्या लॉगिनमधून भरतात, म्हणून "ओळखीचे डॉक्टर आहेत, सही देतील" एवढ्याने भागत नाही. ज्यांच्याकडे सारथीचं लॉगिन आहे असे डॉक्टर शोधा. जाण्यापूर्वी फोनवर विचारा. आधी पोर्टलवर अर्ज भरा, अर्ज क्रमांक हाती घ्या, मग डॉक्टरकडे जा. उलट केलं तर दोन फेऱ्या.

अमेरिकेतल्या डॉक्टरचा तपासणी अहवाल इथे कामाचा नाही, तो कितीही पानांचा असला तरी.

तपासणीत मुख्य गोष्ट नजर. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, चष्म्यासह चालतं. सत्तेचाळिशीत प्रोग्रेसिव्ह भिंगं असतात, त्यातला लांबचा नंबर जुना झालेला असेल तर आधी बदलून घ्या. रंगांधळेपणा, रातांधळेपणा आणि ऐकू येणं हेही बघतात. फिट येण्याचा इतिहास लपवू नका, नंतर अपघाताच्या प्रकरणात तो कागद उलटतो.

सारथी_नसलेला_रथ

अर्जाचा क्रम देऊन टाकतो, म्हणजे एकाच जागी राहील.

बॅकलॉग चढला, मोबाईल बदलला, की पोर्टलवर लायसन्स सेवांमध्ये जाऊन क्रमांक आणि जन्मतारीख टाका. माहिती दिसली की पिनकोडवरून आरटीओ निवडायला सांगतं. बावधन, बाणेर, कोथरूड हे एमएच-१२. वाकड, पिंपळे सौदागर, पिंपरी-चिंचवडकडचे एमएच-१४, ते कार्यालय मोशीला. नूतनीकरण कुठल्याही आरटीओत होतं, मूळ जारी करणाऱ्याकडेच जायला हवं असं नाही, पण तुमचं दोन्हीकडून एमएच-१२ च आहे.

मग सेवा निवडायच्या असतात. इथे नूतनीकरण, पत्ता बदल आणि नाव बदल तिन्हींवर एकाच अर्जात खूण करता येते. तीन वेगळे अर्ज करू नका. एक अर्ज प्रलंबित असताना त्याच लायसन्सवर दुसरा बहुधा पुढे जात नाही आणि मग पहिला रद्द करण्यासाठी पुन्हा खिडकी.

फोटो आणि सहीच्या फाइल १० ते २० केबीच्या. मोबाईलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो आकसवताना चेहरा धूसर झाला तर नाकारतात. पांढऱ्या भिंतीपुढे काढून आधी कडेने कापा, मग आकार कमी करा. सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने, मोठी. आणि सही पासपोर्टवर आहे तशीच.

शुल्क: नूतनीकरण २०० रुपये, स्मार्ट कार्ड २००, बदलांचे वेगळे, वर टपालखर्च. मुदतीनंतर गेलात तर २०० चे ३०० होतात आणि उशिराच्या दर वर्षाला किंवा त्याच्या भागाला १००० रुपये आणखी. पैसे ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा यंत्रणेतून जातात. खात्यातून पैसे कापले गेले आणि पोर्टलवर पावती आली नाही, हे इथलं नेहमीचं दुखणं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर भरण्याची स्थिती पडताळण्याची सोय आहे, ती वापरा, काही तासांनी पुन्हा वापरा. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हा लायसन्सपेक्षा मोठा प्रकल्प आहे.

पैसे भरल्यावर अपॉइंटमेंट. पावतीवर कार्यालयाचा पत्ता नीट वाचा. पुण्यात संगम पुलाजवळचं मुख्य कार्यालय आणि आळंदी रोडवर फुलेनगरचं अशा दोन जागा आहेत, आणि सकाळी चुकीच्या फाटकावर उभी असलेली दहा माणसं रोज सापडतात. जाताना मूळ लायसन्स, पासपोर्ट, ओसीआय कार्ड, करार, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अर्जाची छापील प्रत आणि पावती. सगळ्याच्या एकेक प्रतीवर स्वतःची सही आधीच करून ठेवा.

नाव बदलाच्या कागदात काही अडलं तर त्यापायी नूतनीकरण अडवून धरू नका. तो भाग मागे घेऊन जुन्या नावाने रिन्यू करा, नाव नंतर बदलता येतं. संपलेली तारीख मागे नेता येत नाही.

बावधन_टेकडी

फारच उपयोगी. आधार काढून घरबसल्या करावं का, हाही विचार होता. १८२ दिवस एप्रिलच्या १२ तारखेला होतात.

पेठेतली_बखर

पात्र व्हाल. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकाला आधार मिळतं, दिवस सलग असायची गरज नाही, आणि ओसीआयधारकाच्या आधारची मुदत १० वर्षं. पण प्रौढ माणसाच्या नव्या आधारला राज्य पातळीवरची पडताळणी असते, तिला वेळ लागतो. जुलै हा तुमचा कडेलोट आहे, त्यामुळे लायसन्स त्यावर लटकवू नका. दोन्ही समांतर चालू द्या. आणि आधार काढाल तेव्हा नाव पासपोर्टवर आहे तेच येईल, म्हणून लायसन्सवरचं नावही पासपोर्टप्रमाणेच करून घ्या, नाहीतर १० वर्षांनी हाच धागा पुन्हा उघडावा लागेल.

एक भेद इथे नोंदवून ठेवतो, कारण शोधताना दुसरे लोकही येतील. ओसीआयधारकाला एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) नोंदणी लागत नाही. नोकरीच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला मात्र ती लागते, आणि आरटीओत पत्त्याचा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे तोच निवास परवाना. त्यावर पत्ता जुना असेल तर आधी ई-एफआरआरओवर बदलून घ्यायचा, मग लायसन्सला हात घालायचा.

किरकी_क्रॉसिंग

धाग्याला धरूनच विचारतो, पण उलट दिशेने. भाऊ टेक्सासला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, भारतीय नागरिक, वय ३९. पुण्याचं लायसन्स २००६ मध्ये काढलेलं, ते या डिसेंबरात संपतंय. तिथलं लायसन्सही व्हिसाबरोबर संपतंय. वकिलातीतून भारतीय लायसन्स रिन्यू होतं का?

घाटातला_गिअर

वकिलात लायसन्स रिन्यू करत नाही. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने भारतीय नागरिकांना वकिलातीमार्फत आंतरराष्ट्रीय परवान्याचं नूतनीकरण मागता येतं, त्याची बातमी लोकांनी "लायसन्स" अशी वाचली आणि तेव्हापासून हा गैरसमज फिरतोय. परवाना वेगळा, लायसन्स वेगळं.

भाऊ चाळिशीच्या आत आहे, डॉक्टरचा फॉर्म लागत नाही, आधारशी जोडलेला भारतीय मोबाईल रोमिंगवर जिवंत असेल तर नूतनीकरण आधारने ऑनलाइन होतं. दोन अडथळे: परदेशातून पोर्टल अनेकदा उघडतच नाही, आणि कार्ड फक्त भारतातल्या पत्त्यावर येतं, म्हणजे आधारवर किरकीचा पत्ता हवा आणि घरी कुणीतरी. चाळिशीच्या पुढच्यांना मात्र इथे येऊनच करावं लागतं. सुट्टीचं तिकीट काढताना लायसन्सची तारीख बघायची सवय लावा.

ऑस्टिन_व्हाया_ऑंध

टेक्सासच्या बाजूचं. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचं रिअल आयडी (केंद्रीय निकषांचं) लायसन्स त्याच्या मुक्कामाच्या परवानगीपुरतंच असतं. आणि ती परवानगी म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा नव्हे, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) किंवा मुदतवाढीच्या आय-७९७ या मंजुरीपत्रावरची तारीख. इथे भारतीयांची एक ठरलेली चूक होते: पासपोर्ट संपत आला असताना पुण्याहून परत गेलं की सीमेवरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, मग आय-७९७ तीन वर्षांचं असलं तरी नवा आय-९४ आधीच संपतो आणि लायसन्सही त्याच दिवशी. सुट्टीवर येईल तेव्हा आधी पासपोर्ट नवा करायला सांगा, मग परतीचं विमान.

तिथलं कार्यालय कागद सेव्ह नावाच्या केंद्रीय यंत्रणेत पडताळतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर नाव आडनावाच्या जागी जातं, नावाच्या जागी एफएनयू (नाव अज्ञात) चढतं आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळत नाही. पडताळणी अडली की केस क्रमांक मागून घ्यायचा आणि त्यावरून स्थिती बघत राहायची, कार्यालयात चकरा मारून ती हलत नाही. अशा मर्यादित मुदतीच्या लायसन्सचं नूतनीकरण नव्या कागदांसह प्रत्यक्ष जाऊनच करायचं हे गृहीत धरा, पुण्यात बसून नाही. दरम्यान देशांतर्गत विमानाला भारतीय पासपोर्ट चालतो, त्याची काळजी नको.

बावधन_टेकडी

संगम पुलाला जाऊन आलो. अर्ज घेतला, रजिस्टर शोधून नोंद चढवू म्हणाले, पावतीवर शिक्का दिला.

सारथी_नसलेला_रथ

पावती जपा आणि पोर्टलवर रोज एकदा क्रमांक टाकून बघा, नोंद चढल्याचा निरोप येईलच असं नाही. शेवटची टीप टपालाची: कार्ड स्पीड पोस्टाने येतं. सोसायटीच्या फाटकावर आणि टपालपेटीवर लायसन्सवर जाणारं नाव लिहून ठेवा. फाटकावर नवऱ्याचं आडनाव आणि पाकिटावर माहेरचं, म्हणून "असं कुणी राहत नाही" शेरा मारून पाकीट आरटीओत परत गेलं की ते तिथून सोडवायला पुन्हा मूळ ओळखपत्रासह जावं लागतं. कार्ड येईपर्यंत एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स वाहतूक पोलिसाला दाखवलं तरी नियमाने चालतं.